एकाच धक्क्यावर आत-बाहेर

ताई: तो कागद नीट धर, वाऱ्यानं जाईल. पोच एकच आहे माझ्याकडे.

छोट्या: ताई, आपण परत जाऊ या?

ताई: बोट सुटलीय आता. परत कसा जाणार आहेस, पोहत?

छोट्या: तसं नाही. पलीकडं पोचलो की उतरायचंच नाही. बसून राहायचं. हीच बोट पंधरा मिनिटांनी परत फिरते.

ताई: तुला बरी माहिती. आणि साहेबांना काय सांगू? अकरा वाजता समक्ष बोलावलंय, तेही लेखी. तक्रारदार मी, प्रवासी तू. शर्टाचं वरचं बटण लाव आधी. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालास, अजून सांगावं लागतं.

छोट्या: तक्रार मागं घेता येत नाही का?

ताई: मागं? अरे, बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचे अर्ज मी लिहून देते. पाण्याचा, विजेचा, गळक्या गच्चीचा. आणि सख्ख्या भावाचा अर्ज मागं घेऊ? अकरा रविवार, छोट्या. अकरा वेळा माझ्या फोनवर तोच मेसेज. 'एकाच धक्क्यावर आत-बाहेर. प्रवास अपूर्ण.'

छोट्या: ते कार्ड माझ्या नंबरवर काढायला हवं होतं.

ताई: तुझ्या फोनची काच फुटलेली, त्यावर काय दिसणार होतं? दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतोस आणि स्वतःच्या कार्डाचं काय चाललंय ते ठाऊक नाही. नीट ऐक, आत गेल्यावर असंच सांगायचंय. जाताना आपल्याकडच्या फाटकावर कार्ड लावलंस, नोंद झाली. येताना आपल्याकडच्याच फाटकावर बाहेर पडलास, नोंद झाली. मधे पलीकडं उतरलास, वर शुश्रूषा केंद्रात जाऊन बाबांना भेटलास, पुन्हा बोटीत बसलास, त्याची नोंदच नाही. का नाही? तर पलीकडच्या फाटकावरची बाई कार्ड न लावता हातानं फाटक उघडते. साधी गोष्ट आहे.

छोट्या: तुला सगळं साधं दिसतं.

ताई: मी मनाचं नाही लिहिलं. तुला विचारलं होतं. जेवून उठला होतास, ताट घासत होतास. मी म्हटलं, ती बाई हातानं उघडते का रे फाटक? काय म्हणालास?

छोट्या: हो म्हणालो.

ताई: मग झालं तर.

छोट्या: उघडते ती. डोक्यावर गाठोडं असलेल्या बायकांना उघडते. कुबड्यावाल्याला उघडते. ते कार्ड लावायला वाकू शकत नाहीत, मागं रांग खोळंबते, म्हणून ती कडी काढते आणि मग त्यांचं कार्ड स्वतः मशीनला लावून देते. फुकट कोणाला सोडत नाही.

ताई: हे तेव्हा का नाही सांगितलंस?

छोट्या: तू हो की नाही एवढंच विचारलंस.

ताई: बरं, मग साहेबांना हेच सांग. एवढ्यासाठी तोंड वाकडं कशाला?

छोट्या: तिला सोमवारपासून घरी बसवलंय. मघाशी आपल्याकडच्या फाटकावरचा माणूस सांगत होता, तू पुढं गेलीस तेव्हा. भर दुपारी, बोट लागलेली असताना, सगळ्या लोकांसमोर तिच्या अंगातला कोट उतरवून घेतला. कंपनीचा कोट. आज नोकरीचा निकाल आहे तिच्या.

ताई: हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ताकीद देतील. पण छोट्या, चूक केली असेल तर…

छोट्या: मशीन खरं बोलतंय, ताई.

ताई: काय?

छोट्या: नोंद बरोबर आहे. मी उतरलोच नाही.

ताई: कधी?

छोट्या: अकरा रविवार. बोटीत बसायचो, पलीकडं यायचो, तिथंच बसून राहायचो, परत यायचो. मागच्या बाकावर, इंजिनच्या आवाजात. तिथं कोणी बोलायला येत नाही.

ताई: काहीतरी बरळू नकोस. मग शर्ट? मी बुधवारी जाते तेव्हा बाबांचे तीन शर्ट इस्त्री होऊन खुंटीला असतात. रेडिओत नवे सेल असतात. दाढीचा साबण असतो. ते काय वाऱ्यावर उडत गेलं?

छोट्या: ती नेऊन देते.

ताई: ती कोण?

छोट्या: फाटकावरची बाई. मी बोटीच्या कठड्यावरून पिशवी देतो. तेव्हाच तिची जेवणाची सुट्टी होते, ती लगेच चढ चढून वर जाते, बाबांना देऊन येते. आधीची रिकामी पिशवी पुढच्या रविवारी मला परत देते, घडी घालून.

ताई: थांब. थांब जरा. मी जिच्यावर तक्रार केली, ती ही?

छोट्या: हो.

ताई: आणि तू मला करू दिलीस.

छोट्या: केलीस तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शप्पथ.

ताई: आणि पत्र आलं तेव्हा? मागच्या बुधवारी आलं ते. मी तुला वाचून दाखवलं, किती मिरवत वाचून दाखवलं. आठ दिवस रोज माझ्याकडे जेवलास, छोट्या. रोज. आमटी आणखी वाढू का म्हटलं की वाढ म्हणायचास.

छोट्या: रोज ठरवून यायचो की आज सांगायचं.

ताई: मी दर बुधवारी बाबांना विचारते, छोट्या आला होता का. हां म्हणतात.

छोट्या: झटका आल्यापासून ते सगळ्यालाच हां म्हणतात, ताई. दुसरा शब्दच येत नाही त्यांना.

ताई: ते माहितीय मला. पण मला वाटायचं, तुझं नाव काढलं की जरा जोरात म्हणतात. मी घरी येऊन यांना सांगायचे, बाबांचा चेहरा बघा कसा खुलतो छोट्याच्या नावानं. मूर्ख मी. का रे? का नाही उतरायचास?

छोट्या: ते बूट घालून बसलेले असायचे.

ताई: कोण, बाबा?

छोट्या: रविवारी सकाळपासून. बूट, वर बांधलेली लेस, मांडीवर कपड्यांची पिशवी. एका हातानं कशी बांधत असतील लेस, मला अजून कळलेलं नाही. तू बुधवारची, तुझ्या वेळी ते गादीवर असतात. माझ्या वेळी तयार होऊन बसायचे. कारण तिथं नेऊन ठेवताना पंधराच दिवस म्हणून सांगितलं होतं. कोणी सांगितलं होतं?

ताई: आपण दोघांनी ठरवलं होतं ते.

छोट्या: ठरवलं दोघांनी. सांगितलं मी. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. मी त्यांचा हात धरून म्हटलं, पंधरा दिवस, बाबा, मग मी न्यायला येतो. आठ महिने झाले. रविवारी मी दारात दिसलो की ते उठायला लागायचे.

ताई: मला सांगायचंस. वार बदलून घेतला असता. मी गेले असते रविवारी.

छोट्या: तुला काय सांगू, की मला बापाचे बूट बघवत नाहीत? माझं मलाच ऐकवत नव्हतं ते. आणि न येताही राहवायचं नाही. शर्ट मी स्वतः इस्त्री करतो, कॉलरला हात लागतो ना, तेवढं बरं वाटतं. म्हणून बोटीपर्यंत यायचो. कार्ड लावायचो. कार्ड लावलं की गेल्यासारखं वाटायचं.

ताई: दिवस बघ किती लख्ख आहे, आणि मला इथं तोंड कुठं लपवावं कळत नाही. ऐक आता. धक्का जवळ आला. उतरल्यावर तू एक अक्षर बोलायचं नाही. मी साहेबांना सांगते, मला मशीनचं गणित समजलं नाही, वय झालं, गैरसमज झाला. तक्रार मागं. ती बाई सुटली. तुझं नाव मधे येण्याचं कारणच नाही. नात्यात हे कळलं तर काय राहील आपलं? काका, आत्या, सगळे म्हणतात, मुलगा असावा तर असा. कळतंय ना?

छोट्या: हो.

ताई: मग बोलायचं नाही.

छोट्या: बरं.

(पलीकडचा धक्का. फाटकाच्या आत, साहेबांच्या खोलीबाहेरचं बाकडं. तिथं फाटकवाली बाई आधीपासून बसली आहे.)

फाटकवाली: बसा. साहेब फोनवर आहेत. वेळ लागेल.

ताई: तुम्हीच का त्या, फाटकावरच्या?

फाटकवाली: मीच. तुम्ही तक्रार केलेल्या ताई.

ताई: हो. म्हणजे… हा माझा धाकटा भाऊ. याला ओळखता तुम्ही?

फाटकवाली: नाही.

ताई: नाही?

फाटकवाली: रोज हजार माणसं जातात इथून. कोणाकोणाला ओळखू?

छोट्या: बाई, राहू द्या. तिला सांगितलंय मी.

फाटकवाली: सगळं?

छोट्या: बरंचसं.

फाटकवाली: मग ठीक. मला वाटलं, अजून लपवायचंय.

ताई: तुम्ही साहेबांनाही नाही सांगितलं?

फाटकवाली: साहेबांनी विचारलं, अकरा रविवार कोणाला सोडलंस? म्हटलं, कोणालाच नाही. ते म्हणाले, मग माणूस गेला कुठे? यावर मी गप्प बसले. यांना शब्द दिला होता. यांनी हात जोडले होते, घरी कळू देऊ नका म्हणून. चांगल्या घरचा माणूस हात जोडतो तेव्हा बरं वाटत नाही.

ताई: बाई, माझं चुकलं. मी आत जाऊन तक्रार मागं घेते. गैरसमज झाला म्हणून सांगते. तुमचा कोट आजच्या आज परत मिळेल.

फाटकवाली: नाही मिळणार.

ताई: का? तक्रारच नाही म्हटल्यावर…

फाटकवाली: तुम्ही तक्रार केलीत, म्हणून त्यांनी कागद काढले. आता कागद त्यांच्याकडे आहेत. मी गाठोडंवाल्या बायकांना हातानं उघडते, हे मी कबूल केलंय. खोटं कशाला बोलू? पण त्यांचं कार्ड मी लावून देते, त्याची नोंद सापडली. ह्या अकरा रविवारांची नोंद सापडत नाही. तेवढंच अडलंय. माणूस इथून बाहेर पडला असेल तर मी सोडला. पडलाच नसेल तर मी सुटले. हे तुम्ही सांगून चालायचं नाही, ताई. तुम्ही बोटीत नव्हता.

ताई: म्हणजे यानंच सांगायला हवं.

फाटकवाली: लिहून द्यायला हवं. फॉर्म आहे. त्या खिडकीत ठेवलेत. अपूर्ण प्रवासाचा.

ताई: आण रे एक. पेन आहे माझ्याकडे. थांब, असा बघत उभा राहू नकोस, आण.

छोट्या: हा घे.

ताई: मीच लिहिते, तुझं अक्षर कोणाला लागत नाही. नाव, पत्ता, कार्ड क्रमांक, ते भरते. 'मी वरील अकरा दिवशी पलीकडच्या धक्क्यावर उतरलो नाही व फाटकातून बाहेर पडलो नाही.' बरोबर?

छोट्या: बरोबर.

ताई: खाली आहे, 'न उतरण्याचं कारण'. इथं लिहिते, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'.

छोट्या: माझी प्रकृती ठणठणीत आहे.

ताई: अरे, एवढं तर लिहितातच सगळे. त्यात काय मोठंसं? बोट लागते लोकांना, उलट्या होतात.

छोट्या: अकरा रविवार उलट्या, आणि बाराव्यांदा पुन्हा तिकीट? साहेब काय म्हणतील, हे बनवलेलं आहे म्हणतील. पुन्हा यांच्यावरच येईल. लिही, मी सांगतो.

ताई: सांग. पण जपून.

छोट्या: अकरा आठवड्यांपूर्वी बाबा माझ्या मागं मागं खाली आले. केंद्रातून. काठी टेकत, तो सबंध उतार. मला वाटलं, पायरीपर्यंत येतील, थांबतील. ते थेट इथं आले. या फाटकाशी. बूट घालून, पिशवी घेऊन.

ताई: छोट्या, हे कुठं लिहू मी?

छोट्या: बोट सुटायला आली होती. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे कार्ड नाही, कार्डाशिवाय सोडत नाहीत हे लोक. तुम्ही इथं उभे राहा, मी तुमचं कार्ड काढून आणतो. ते हां म्हणाले. मी माझं कार्ड लावलं, आत आलो, आणि बोटीत बसलो.

ताई: आणि ते?

छोट्या: मी वळून बघितलं नाही.

ताई: त्यांना इथं उभं करून गेलास? फाटकात? झटका आलेल्या माणसाला?

छोट्या: हो.

ताई: हे मघाशी बोटीत नाही सांगितलंस.

छोट्या: हेच तर सांगता येत नव्हतं. बाकीचं सगळं त्याच्या आडोशाला सांगितलं. बाई, किती वेळ उभे होते ते?

फाटकवाली: कशाला विचारता?

छोट्या: मला माहीत असू दे.

फाटकवाली: दोन बोटी गेल्या. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. माझा हात धरला आणि तुम्ही गेलात त्या बाजूला बोट दाखवलं. मी म्हटलं, येईल मुलगा, कार्डाच्या खिडकीला आज गर्दी आहे. मग तिसरी बोट लागायच्या आधी त्यांना वर नेऊन सोडलं.

ताई: मी त्या आठवड्यात बुधवारी गेले होते. त्यांच्या पायाला सूज होती. मी डॉक्टरांशी भांडले.

फाटकवाली: पुढच्या रविवारी हे दादा बोटीत दिसले. उतरेनात. मला राग आला होता, खरं सांगते. म्हटलं, जाऊन चांगलं सुनवावं. जवळ गेले तर यांनी काही न बोलता पिशवी पुढं केली. वर शर्ट, इस्त्रीचे. मग मी काय सुनावणार?

छोट्या: सुनवायला हवं होतंत.

फाटकवाली: माझं ते काम नाही.

छोट्या: अजून बूट घालून बसतात का हो, रविवारी?

फाटकवाली: नाही. केव्हाच सोडलं त्यांनी ते. दोन रविवार बसले असतील त्यानंतर. मग नाही.

छोट्या: दोनच?

फाटकवाली: तिसऱ्या रविवारी मी पिशवी दिली तेव्हा मला खुणेनं विचारलं, कोणी दिली? मी म्हटलं, मुलानं. खाली बोटीत आहे, ती बघा, अजून सुटली नाही. ते खिडकीशी गेले. तेव्हापासून रविवारी खिडकीशीच बसतात. ती वरची हिरव्या गजांची खिडकी, दिसते का? तिथून बोटीचा मागचा भाग नीट दिसतो. तुम्ही बसता तो.

छोट्या: त्यांना माहीत होतं?

फाटकवाली: हात हलवतात. चालतो तो हात. बोट सुटून वळेपर्यंत. तुम्ही मान खाली घालून बसता, तुम्हाला कसं दिसणार?

ताई: छोट्या. अरे. अरे, असं नको करूस, लोक बघतायत.

छोट्या: बघू दे. यांनाही बघितलंच की लोकांनी, कोट काढून घेताना. ताई, दे तो कागद इकडे.

ताई: कारणाचा रकाना रिकामा आहे अजून.

फाटकवाली: रकाना लहान आहे, दादा. तुम्ही सांगितलं तेवढं त्यात मावायचं नाही.

छोट्या: एवढं मावेल. 'वडिलांना फसवलं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली.' झालं. सही केली.

ताई: छोट्या, हे कंपनीच्या दप्तरात राहील. कोणीही वाचेल.

छोट्या: वाचू दे. मी एकटाच देऊन येतो आत. तू बस.

ताई: बसते. बाई, इकडे सरकू का जरा?

फाटकवाली: बसा की.

ताई: मी अर्ज लिहायला बसले ना, तेव्हा फार रंगात आले होते. 'सदर महिला कर्मचारी कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करते.' हेतुपुरस्सर लिहून मी पुन्हा एकदा वाचलं, माझं मलाच आवडलं.

फाटकवाली: साहेबांनी वाचून दाखवलं मला ते.

ताई: काय वाटलं तुम्हाला?

फाटकवाली: मला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला. सुनेला विचारला, घरी गेल्यावर. ती म्हणाली, मुद्दाम. मग तीन दिवस ती माझ्याशी जपून बोलतेय. मी मुद्दाम काहीतरी केलं असणार, असं तिला वाटतंय. बावीस वर्षं मी या धक्क्यावर आहे, ताई. कागदी तिकिटं होती तेव्हापासून. लेक इथूनच शाळेला गेली. सोमवारी कोट काढून घेतला तेव्हा बोटीतले सगळे ओळखीचे होते. एकानंही विचारलं नाही, काय झालं म्हणून. सगळे आपापल्या कार्डाकडं बघत निघून गेले.

ताई: मी तुमच्या घरी येते. सुनेला मी सांगते, चूक माझी होती.

फाटकवाली: नको. घर आवरलेलं नसतं आमचं.

ताई: तरी येते.

फाटकवाली: बघू. आले बघा दादा.

ताई: काय म्हणाले साहेब?

छोट्या: वाचलं. चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. पुन्हा वाचलं. मग कॉम्प्युटरकडं वळले आणि म्हणाले, न उतरण्याची कारणं यात चारच आहेत. गर्दी, प्रकृती, यंत्रात बिघाड आणि इतर. कुठलं टाकू?

ताई: मग?

छोट्या: म्हटलं, इतर टाका. त्यांनी टाकलं. बाई, तुम्हाला आत बोलावलंय. कोट टेबलावर काढून ठेवलाय त्यांनी. लगेच कामावर रुजू व्हा म्हणाले.

फाटकवाली: एवढंच म्हणाले?

छोट्या: माफी मागायला सांगितलं नाही त्यांनी मला. मी विचारलंही, माफी लिहून देऊ का. म्हणाले, त्याचा फॉर्म नाही. म्हणून तोंडी मागतो. मी हो म्हणालो होतो, बाई. माझ्या एका हो मुळं झालं हे. तुम्ही माझ्या बापाला वर पोचवलंत, आणि मी हो म्हणालो.

फाटकवाली: मागितलीत, ऐकली. लगेच विसरेन असं नाही म्हणत.

छोट्या: नका विसरू.

फाटकवाली: येते मी आतून. आणि तुम्ही दोघं असे बाकड्यावर काय बसून राहिलात? वर जायचं नाही का?

ताई: हा जाईल. मी थांबते इथं.

छोट्या: ताई, आज गुरुवार आहे. त्यांना आज कोणी येईल असं वाटत नसणार.

ताई: मग चांगलंच आहे. एक दिवस तरी वाट न बघता कोणीतरी येऊ दे त्यांच्याकडे.

छोट्या: तू चल ना बरोबर. तू असलीस की बोलणं निघतं.

ताई: मी असले की मीच बोलते. मला माहितीय ते. जा तू.

छोट्या: मी रिकाम्या हातानं आलोय. शर्टसुद्धा नाहीत आज.

ताई: जा म्हटलं ना.

(थोड्या वेळानं. फाटक. बाई कोट घालून आपल्या जागेवर उभी आहे.)

फाटकवाली: काय झालं, दादा? फाटकाशी येऊन का थांबलात?

छोट्या: घातलात कोट. बरं दिसलं. बाई, तुम्ही उघडता का जरा?

फाटकवाली: नाही. कार्ड लावा. हातानं उघडायचं बंद केलंय मी. आत्ताच लिहून दिलं साहेबांना. गाठोडं असो, कुबडी असो, पोटुशी बाई असो, प्रत्येकानं आपलं आपण लावायचं. त्या बायका मला शिव्या देतील आता.

छोट्या: माझ्यामुळं.

फाटकवाली: तुमच्यामुळं. लावा कार्ड. आडवं नाही, सपाट धरा. हं. वाजलं बघा. उघडलं.

छोट्या: बाई, चढापर्यंत येता? नुसतं दारापर्यंत. तुम्हाला बघून त्यांना धीर येईल. मलाही.

फाटकवाली: नाही, दादा. बाराची बोट लागतेय. माझी माणसं उतरायची आहेत.